बाबाच्या मापाचा कोट

माझ्या कोटाला दुसरा क्रमांक मिळाला. हे झालंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ. नाव पुकारलं तेव्हा मी जागेवर नव्हतो, आणि शाळेपासूनचा नियम आहे की हजेरीला जो नाही तो नाही. ट्रॉफी कॉलेजात विजयमाला मॅडमच्या कपाटात आहे असं कळतं. ते कळलेलं मी परत केलं आहे. तर कोट नाही, क्रमांक नाही, टाळ्या नाहीत. मार्च महिना आहे, सकाळचे अकरा वाजलेत, मी यवतमाळच्या दत्त चौकात उभा आहे, हातात अर्धा समोसा आहे, आणि समोरच्या खांबावर एक अनोळखी म्हातारा माझ्या बापाचा कोट घालून मेलेला आहे.

समोसा मी पुढे खाल्ला. हे सांगायला हवं, कारण अशा वेळी लोकांच्या हातून वस्तू गळून पडतात असं ऐकून आहे. माझ्या हातून काही पडलं नाही. मी चावत राहिलो आणि पाहत राहिलो. फ्लेक्सवर लिहिलं होतं, कै. बबनराव, मुक्काम केळापूर, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि खाली शोकाकुल माणसांची यादी, तिच्यात शोक न झालेलेही चार-दोन असावेत. कोट निळा. कॉलरवर एका बाजूने पडलेला उजेड. छातीच्या खिशातून वर आलेली पांढऱ्या रुमालाची तीन टोकं, त्यातलं मधलं जरा वाकलेलं. खिसा उजव्या छातीवर, जिथे तो कधीच नसतो, आणि बटणं उलट्या बाजूला. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, बाईच्या कोटाची उजवी डावीवर. हे आम्हाला फॅशन डिझाइनच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, आणि एकदा शिकलं की माणसाला पुढे आयुष्यभर दुसरं काही दिसत नाही. महिन्याभरापूर्वी मारेगावच्या स्टॉपवर माझा बाप याच कोटात, याच उजेडात, याच चुकलेल्या बटणांत टांगलेला होता. तेव्हा मला वाटलं होतं की चूक फक्त आमच्या घरची आहे. आता ती चूक दुसऱ्याच्या अंगावर पाहून मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. बसमध्ये आपल्या रुमाल टाकलेल्या सीटवर कोणी बसलेलं दिसावं, तसं वाटलं. आणि मग त्या माणसाला उठवता येत नाही, कारण तो मेलेला आहे.

बाबाने जन्मात कोट घातला नव्हता. तो मारेगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये होता. जिनिंगमध्ये लांब बाही चालत नाही. मशीन आधी बाही धरतं, मग बाहीतलं जे असेल ते. म्हणून बाबाकडे बारमाही अर्ध्या बाहीचे दोन शर्ट. हंगामात तो घरी यायचा तेव्हा भुवयांत, मिशीत, कानाच्या पाळीवर रुई असायची. दारात उभा राहून टॉवेलने स्वतःला झटकायचा आणि माय आतून म्हणायची, "सारी जिनिंग घरात नोको आनू." तो म्हणायचा, "उरली हाये थोडी तिकडं." हा विनोद त्याने चौदा वर्षं केला आणि दरवेळी आधी स्वतः हसला. फेब्रुवारीत छातीत दुखतं म्हणून तो दवाखान्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसला. नंबर अकरावा होता. सातवा आत असताना तो गेला. ज्याचा बारावा होता त्याला उगीचच लवकर आत जायला मिळालं. आमच्यात कैलासवासी होत नाहीत, कालकथित होतात. त्यामुळे पिंटूने फ्लेक्सवर कालकथित बाबाराव थूल असं लिहिलं, ते मात्र बरोबर लिहिलं. पिंटू माझ्या वर्गातला, आता मारेगावात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. बाबाचा फोटो म्हणून घरात फक्त आधार कार्ड होतं, आणि त्यावर बाबा असा दिसायचा की जणू कार्ड काढणाऱ्यानेच त्याला पकडून आणलंय. पिंटूने त्याचं मुंडकं तेवढं घेतलं, भुवयांतली रुई केस समजून काळी केली, आणि खाली कोट लावला. वस्तीतली माणसं फ्लेक्ससमोर येऊन थांबायची आणि गप्प व्हायची. आमच्या वस्तीत निळा कोट म्हणजे नुसता कोट नसतो. तो चौकात चौथऱ्यावर उभा असतो, बोट पुढे करून. बाबाला तो मिळाला याचा मायला मनातून आनंद झाला होता, हे मला दिसलं, आणि बटणांचं मी तिला सांगितलं नाही.

दत्त चौकातून मी खोलीवर गेलो नाही, कॉलेजातही गेलो नाही. वणीची गाडी लागली होती, तिच्यात बसलो आणि मारेगावला उतरलो. यवतमाळात माझी खोली वाघापूरला आहे, आणि तिच्यात एक खाट, एक आरसा आणि एक मी. कुणाला सांगून निघायचं म्हटलं तर आरशालाच सांगावं लागतं. पिंटू दुकानात वाढदिवसाचा फ्लेक्स करत होता. कुणाच्या तरी चिरंजीवाच्या मागे त्याने वाघ बसवला होता.

"पिंटू, बाबाचा कोट दुसऱ्यानं घातला."

"कोनता?"

"निळा."

"तो साऱ्यायलेच असते बे." पिंटूने वाघ जरा डावीकडे सरकवला. "कोट दोनच हायेत. निळा, नाई तं पांढरं जाकीट. बायांले हिरवा शालू. जिल्हाभर हेच चालून राह्यलं. मुंडकं बदलाचं, बस."

"तो मानूस कोन हाये मंग?"

"कोनता मानूस?"

"कोटातला. ज्याचं अंग हाये."

पिंटूने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "कोनाले माहीत. माह्याकडं फाईल आली तवापासून त्याले मुंडकंच नाई."

"बटनं उलटी हायेत."

"अबे, इतके लोक गेले त्या कोटात, बटनाची तकरार कोनीच नाई केली." मग त्याला वाटलं असावं की आपण जरा जास्त बोललो, कारण त्याने चहा मागवला आणि म्हणाला, "तुह्या बाबाले शोभला पन तो. खरंच शोभला. केळापूरवाल्याले नसन शोभला."

चहा पिताना मी विचार केला तो बाबाचा नव्हता. मी त्या अंगाचा विचार केला. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी स्टुडिओत, कोणी एक माणूस छाती जरा पुढे काढून उभा राहिला असेल, फोटो काढणाऱ्याने रुमालाचं मधलं टोक सरळ करायला सांगितलं असेल, त्याने केलं नसेल. मग तो घरी गेला असेल, जेवला असेल. त्याला माहीतही नसेल की यवतमाळ जिल्ह्यात तो आठवड्याला दोनदा मरतो. बौद्ध होऊन मरतो, कुणबी होऊन मरतो, बंजारा होऊन मरतो. जे जिवंतपणी एका पंगतीला बसले नसते ते सगळे त्याच्या एका कोटात पाठोपाठ बसून गेले. माणूस अजून जिवंत असेल तर त्याच्या बायकोचं मी काय म्हणून सांत्वन करावं, हे मला ठरवता येईना, आणि मी दुसरा चहाही प्यालो.

आता मापाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, आणि सांगितल्यावर माझ्याबद्दल फार बरं वाटणार नाही. पहिल्या सेमिस्टरला आम्हाला एक काम होतं: पन्नाशीच्या वरच्या एका पुरुषाचं संपूर्ण माप घ्या, वहीत उतरवा, नाव लिहा. दिवाळीच्या सुट्टीत मी मारेगावला गेलो होतो. मायने बाबाला या कामाचं सांगितलं असणार, कारण एका संध्याकाळी जिनिंगमधून आल्यावर त्याने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, केसांना पाणी लावलं, आणि माझ्या खाटेसमोर येऊन उभा राहिला. हात अंगापासून जरा दूर धरले होते. पोलीस झडती घेताना धरायला लावतात तसे, पण हसत. म्हणाला, "घे म्हनलं माप." मी मोबाईल पाहत होतो. काय पाहत होतो ते आता कितीही आठवलं तरी आठवत नाही, आणि मी पुष्कळ आठवून पाहिलं आहे. मी वर न बघता म्हणालो, "रविवारी घेतो नं बाबा." तो तसाच हात दूर धरून थोडा वेळ उभा राहिला. मग हात खाली घेतले. "बरं. रविवारी." रविवारी कापसाच्या गाड्यांची रांग लागली म्हणून जिनिंग सुरूच राहिली, आणि सोमवारी मी यवतमाळला आलो. वही मंगळवारी द्यायची होती. मी वाघापूरच्या खोलीत आरशासमोर शर्ट काढून उभा राहिलो आणि स्वतःचं माप घेतलं. एकट्याने स्वतःचं माप घेणं सोपं नाही, खांद्यावर टेप धरायला तिसरा हात लागतो. टेपचं टोक मी दातात धरलं. छाती, कंबर, खांदा, बाही, पाठीची लांबी. वर लिहिलं, बाबाराव थूल, वय चोपन्न. विजयमाला मॅडमनी लाल पेनने सही केली आणि शेरा दिला: बारकाईने घेतलेले माप.

म्हणजे माझ्या बापाच्या शरीराचा जगात एकच लेखी पुरावा आहे, आणि तो मी आहे.

कपड्यांवरून खरं माप निघालं असतं. पण दोन शर्टांपैकी एक त्याच्यासोबत गेला, दुसरा मायने तिसऱ्या दिवशीच त्याच्या जिनिंगमधल्या सोबत्याला देऊन टाकला. तो सोबती हंगाम संपल्यावर कुठे तेलंगणात कामाला गेला. शर्ट तिकडे आहे. म्हणून दुसऱ्या सेमिस्टरला जेव्हा मॅडमनी फळ्यावर लिहिलं की अपारंपरिक साहित्यातून एक वस्त्र करा, कापड वापरायचं नाही, तेव्हा वर्गात सगळ्या लिहून घेत होत्या आणि मला आधीच ठरलेलं दिसत होतं. समीक्षा माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. तिने लग्नपत्रिकांचा घागरा करायचं ठरवलं. मला म्हणाली, "तुझं काय?" मी म्हणालो, "श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा कोट." ती म्हणाली, "किती निगेटिव्ह आहेस रे," आणि घागऱ्यासाठी माझ्या ओळखीत कुणाचं लग्न आहे का विचारलं. वर्गात बावीस मुली आणि मी. त्या माझ्याशी चांगल्या वागतात, म्हणजे दवाखान्यात शेजारच्या पेशंटशी वागतात तशा. मी माझं ठरवलेलं तिला पूर्ण सांगितलं नाही. पूर्ण असं होतं: फ्लेक्सवर छापलेला कोट कापायचा, आणि त्या छापलेल्या कोटांचा खरा कोट शिवायचा, बाबाच्या मापाचा. त्याने नाही घातला तर नाही. पण माप त्याचं पाहिजे. वहीत आहेच, असं मी स्वतःला म्हणालो, आणि स्वतःने ते ऐकून घेतलं.

बबनरावांच्या मुलाने तेरवी झाल्यावर फ्लेक्स सहज दिला, म्हणाला तसाही वाऱ्याने फाटून राह्यला. पुसदजवळच्या एका तांड्यावर लालसिंग नावाच्या म्हाताऱ्याचा निळा कोट आहे असा पत्ता पिंटूने काढून दिला. मी गेलो तेव्हा फ्लेक्स शेळ्यांच्या छपरावर घातलेला होता आणि लालसिंगची बायको रुपीबाई उन्हात बसून तूर पाखडत होती. मी तिला याडी म्हणालो. तांड्यावर आईला तसं म्हणतात, एवढं मला येत होतं, बाकी बोलणं आमच्या बोलीत झालं.

"कायले पायजे तुले ते?"

"कोट शिवाचा हाये, याडी."

"हेच्यातून?" तिने सूप खाली ठेवलं. "काहून, तुह्या कॉलेजात कपडा नाई भेटत?"

"भेटते. पन ते चालत नाई."

ती उठली, छपरापर्यंत आली आणि माझ्याबरोबर वर पाहत उभी राहिली. लालसिंग कोटातून आमच्या दोघांच्या मधून कुठेतरी बघत होता. शेळ्यांनी एक बाजू कुरतडली होती, नेमकी बटणांची. "माह्या मानसाले धोतर सोडून काई माहीत नोतं," ती म्हणाली. "पोट्ट्यानं पार साहेब करून टाकला. पयल्या दिसी मले त्याच्यासमोर पदर घ्या वाटला. कोन जाने कोन होय म्हनून." मग तिने स्वतःच काठीने फ्लेक्स खाली ओढला. निघताना म्हणाली, "घालनार कोन हाये पन तो कोट?" मी म्हणालो, बाबा. ती म्हणाली, "मंग ठीक हाये. म्हाताऱ्या मानसाले बरा."

फ्लेक्स शिवणं हे कापड शिवण्यासारखं नाही. कापड चूक माफ करतं. उसवलं, पाणी मारलं, इस्त्री फिरवली की भोकं बुजतात. फ्लेक्समध्ये सुई एकदा गेली की भोक कायमचं. इस्त्री लावली की वितळतो. घडी घातली तर घडीवर शाई उडून पांढरी रेघ येते आणि ती जात नाही. मशीनचा दाबणारा फूट त्याला चिकटतो, म्हणून वरून टाल्कम पावडर शिंपडत शिवायचं. तीन आठवडे माझ्या भुवयांत, मिशीत, कानाच्या पाळीवर पावडर असायची, आणि वाघापूरच्या खोलीच्या दारात उभा राहून मी टॉवेलने स्वतःला झटकायचो. आत कोणी नव्हतं. तरी एकदा मी म्हणून पाहिलं, उरली हाये थोडी तिकडं. घरमालकीण हंसाबाई पलीकडून म्हणाल्या, "काय उरलं?" मी म्हणालो, काही नाही. वासाचं तर सांगूच नये. रॉकेल आणि नवीन चप्पल यांच्या मधला वास, जेवताना भाकरीला येणारा. मयतांची मापं पण सारखी नसतात. बबनरावांचा फ्लेक्स मोठा, त्यामुळे त्यांच्या कॉलरचं एक पान केळीच्या पानाएवढं. त्यातून मी दोन्ही बाह्या काढल्या. लालसिंगचा लहान, त्याच्यातून खिसे आणि कॉलर निघाली. अस्तराला मी शोकाकुलांची नावं घेतली. आतून हात फिरवला की समस्त मित्रपरिवार बोटांना लागायचा.

पाठीला मी अडलो. मयतांना पाठ नसते. तीन जिल्ह्यांतले फ्लेक्स धुंडाळले असते तरी नसती मिळाली. सगळे समोरून जातात. त्या निळ्या कोटाला मागे काय आहे, शिवण मधून आहे की बाजूने, चीर एक की दोन, जगात कोणाला माहीत नाही. पिंटूलाही नाही. आणि माझं नेमकं उलटं होतं. मला बाबा समोरून आठवतच नव्हता. समोरून म्हटलं की आधार कार्ड यायचं. बाबा मला आठवतो तो मागून, कारण पाचवीपासून दहावीपर्यंत मी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेत गेलो, आणि माझ्या नाकासमोर सहा वर्षं त्याची पाठ होती. पांढऱ्या शर्टवर मधोमध घामाचा उभा ओला पट्टा, वरून चिकटलेली रुई, चढ आला की शर्टाखाली एकदा या बाजूचं आणि एकदा त्या बाजूचं हाड वर यायचं. मी त्या पाठीला टेकत नसे, ओलं लागतं म्हणून. एवढी पाठ माझ्याकडे होती, आणि ती कापून मशीनवर घेता येत नव्हती. शेवटी मी फ्लेक्सची उलटी बाजू लावली, न छापलेली, पांढरी. मॅडम म्हणाल्या, "बॅकला काहीतरी दे ना, फार रिकामं दिसतंय." मी म्हणालो, त्यावर काम झालेलं आहे मॅडम, फक्त दिसत नाही. त्यांनी वहीत कल्पक असं लिहिलं.

राहिला पुढचा भाग, बटणांचा. बबनरावांच्या बटणांवर शोकाकुलांची यादी छापलेली होती, लालसिंगची बटणं शेळीच्या पोटात. सहीसलामत बटणं फक्त एका मयताकडे होती. मी मार्चच्या शेवटी मारेगावला गेलो आणि मायला काही बोललो नाही, खाटेवर आडवा झालो आणि वर पाहिलं. स्टॉपवरून उतरवल्यावर मायने बाबाचा फ्लेक्स घरातच, टिनाच्या खालून, खिळे मारून लावला होता. उन्हाची झळ कमी येते म्हणाली. छापलेली बाजू खाली, आत. लोक छपरावर टाकतात तेव्हा तोंड आभाळाकडे करतात. मायने घराकडे केलं. खाटेवर पडलं की बाबा वरून बघायचा, कोटात, जरा आश्चर्याने, जणू आपण एवढे वर कसे आलो. माय चुलीशी होती. भाकरी थापता थापताच म्हणाली, "कापाचा हाये का?"

मी म्हणालो, "तुले कोन सांगतलं?"

"पिंट्या आलता. जिल्ह्यातले सारे मेलेले जमवून राह्यला म्हने तू." तिने भाकरी टाकली. "एक सांग. ते बटनं उलटे हायेत नं?"

मी खाटेवर उठून बसलो.

"मले पयल्याच दिसी दिसलं. म्हनलं लोकायले कायले सांगा. शोभून तं राह्यला होता." मग तिने हात धुतले, पदराला पुसले, कोपऱ्यातलं स्टूल आणून खाटेजवळ ठेवलं आणि कात्री माझ्या हातात दिली. "मुंडकं ठेवजो. खालचं कुठं तुह्या बाबाचं व्हय?"

मी स्टुलावर उभा राहून हनुवटीखालून कापत गेलो. फ्लेक्स उन्हाने मऊ झाला होता, कात्री आवाज न करता चालत होती. माय खालून दोन्ही हातांनी स्टूल धरून होती आणि वर बघत नव्हती. कोट सुटून माझ्या खांद्यावर पडला, गरम. वर मुंडकं राहिलं, आणि त्याच्या खाली कोटाच्या आकाराचं भोक, त्यातून टिन. टिनावर एक खिळ्याचं छिद्र होतं, त्यातून उजेडाचा एक ठिपका नेमका छातीच्या जागी आला होता. मायने तो पाहिला आणि म्हणाली, "पावसाच्या आधी ते बुजवा लागते."

या कपड्यांच्या स्पर्धेचा कार्यक्रम एप्रिलमध्ये होता, यवतमाळच्या एका मंगल कार्यालयात, दुपारी. लग्नाचा मांडव आदल्या दिवशीचाच होता, फक्त नावं काढून घेतली होती. कोट घालायला एक व्यायामशाळेतला मुलगा ठरवला होता, पण त्याचा दंडच बाहीत शिरेना, आणि फ्लेक्स ताणत नाही. मॅडम म्हणाल्या, "अश्वजित, तूच घाल." मी घातला. दोन्ही हात सरळ गेले. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. खांद्याची शिवण खांद्यावर. छातीशी कुठे ताण नाही, कुठे चुणी नाही. इतका बसलेला कपडा मी आयुष्यात घातला नव्हता. कोट चालताना करकरत होता आणि आतून समस्त मित्रपरिवार पाठीला चिकटत होता. निवेदन करणाऱ्या बाईंनी माईकवरून माझी चिठ्ठी वाचली. चिठ्ठीत मीच लिहिलं होतं: हा कोट विद्यार्थ्याने आपल्या दिवंगत वडिलांच्या मापाने तयार केला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातले काही उभे राहिले. समीक्षा डोळे पुसत होती, घागऱ्याची एक पत्रिका सुटून तिच्या पायाशी पडली होती. मी पुढे गेलो, थांबलो, हात अंगापासून जरा दूर धरले, कारण तिथे तसं उभं राहायला शिकवलं होतं. आणि तसा उभा राहिल्यावर मला कळलं की मी कोण म्हणून उभा आहे आणि माझ्यासमोर खाटेवर बसून वर न बघणारे कोण आहेत. फरक एवढाच की हे सगळे वर बघत होते. मी वळलो, पांढरी पाठ त्यांना दाखवली, पडद्यामागे गेलो, तिथून जिन्याने खाली, आणि रस्त्यावर. मागून माईकवर माझं नाव आलं असेल. झालं नाही असं आपलं ठरलं आहे.

कोट काढून हातात घेता आला नसता, घडी पडते. म्हणून त्रेचाळीस डिग्रीत मी तो घालून वणीच्या गाडीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "कोनाचा प्रचार हाये?" मी म्हणालो, कोणाचा नाही. त्याने मान वाकवून खिशाजवळचं वाचलं, तिथे 'भावपूर्ण'मधलं 'पूर्ण' एवढंच आलं होतं. "पक्ष नवा दिसते," तो म्हणाला आणि पुढे गेला. शेजारी बसलेली बाई करंजीच्या स्टॉपपर्यंत अंग चोरून बसली. माझ्या दंडावर बबनरावांचा उजेड होता, त्याची तिला काय कल्पना. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी शेतं, मधेच एखादं पळसाचं झाड, फुलं संपलेलं. कोटाच्या आत मी भिजत होतो. पाठीवर मधोमध उभा पट्टा ओला होत गेलेला मला कळत होता, आणि तो कोणाला दिसत नव्हता, फ्लेक्समधून पाणी बाहेर जात नाही.

घरी माय दारात तांदूळ निवडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने वरून खालपर्यंत पाहिलं, मग उठली, हाताने एक बाही ओढली, मागे गेली, पाठीवरून हात फिरवला.

"बसला," ती म्हणाली.

"माप बाबाचं हाये."

"हं."

ती पुन्हा पुढे आली. दोन्ही खांद्यांवर दोन हात ठेवले आणि डोळे बारीक करून पाहू लागली, भिंतीवर फोटो सरळ लागला का पाहतात तसं. "तुह्या बाबाचा डावा खांदा खाली होता," ती म्हणाली. "दोन बोटं. जवानीत गाठी उचलून उचलून झालता. लगनाच्या दिसीच मले दिसला. शर्ट घातला की एका बाजूले घसरे." तिने माझ्या डाव्या खांद्यावर दोन बोटं आडवी ठेवून दाखवली. कोटाचे दोन्ही खांदे सारखे होते.  तिने बोटं उचलली नाहीत बराच वेळ. मग तांदूळ घेऊन आत गेली. मला आठवत होता तो सायकलवरचा बाबा, एकदा या बाजूचं, एकदा त्या बाजूचं हाड वर यायचं तो, आणि मी सहा वर्षं त्या पाठीमागे बसून दोन बोटांचा फरक पाहिला नव्हता. मी खाटेवर आडवा झालो, कोटासकट. वर मुंडकं होतं, खाली भोक, भोकात उजेडाचा ठिपका अजून बुजवलेला नव्हता. मी जरा वर सरकलो, मग जरा डावीकडे, भोकाच्या बरोबर खाली येईपर्यंत. डावा खांदा मी दोन बोटं खाली घेऊन पाहिला. तो राहत नाही. सोडला की वर येतो. मग मी उठून, मार्चमध्ये इथेच राहिलेली मापाची वही काढून, तिच्या मागच्या कोऱ्या पानावर खालील अर्ज लिहिला आहे, तो कोणाकडे द्यायचा हे कळल्यास कळवावे.

प्रति, मा. संबंधित अधिकारी, जे कोणी असतील ते. विषय: मयत इसमास मापासाठी हजर करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी, अश्वजित बाबाराव थूल, राहणार मारेगाव, जिल्हा यवतमाळ, यांनी कॉलेजच्या वहीत वडिलांच्या नावे नोंदवलेले माप हे अर्जदाराचे स्वतःचे असून सदर नोंद रद्द करण्यात यावी. त्याऐवजी नवीन माप घेणे आवश्यक आहे. डावा खांदा दोन बोटे खाली असल्याबाबत घरून तोंडी माहिती प्राप्त झाली असून तिची प्रत्यक्ष पडताळणी व्हावयाची आहे. तरी कालकथित बाबाराव थूल यांना आमच्या राहत्या घरी, खाटेसमोर, फक्त पाच मिनिटे हजर राहण्याची मुभा देण्यात यावी. अंगावर अर्ध्या बाहीचा शर्ट चालेल. भुवयांतील रुई काढून येण्याची गरज नाही. हात जरा दूर धरावेत, जसे धरले होते तसे. टेप अर्जदाराकडे आहे, मोबाईल बंद ठेवण्यात येईल. वार रविवार असल्यास सोयीचे होईल; अर्जदार रविवारी घरीच असतो.